डेक्कन क्वीनचे डबे: इतिहासाशी सुसंगत प्रतिकृतींचा संग्रह कसा करावा

रेल्वेच्या प्रवासी डब्यांच्या प्रतिकृती जमवताना बहुतेकजण आधी गाडी निवडतात. इतिहासाशी सुसंगत संग्रह हवा असेल, तर मात्र आधी वर्ष निवडावे लागते. एकाच नावाची गाडी दशकानुदशके धावते, पण तिचे डबे, रंग, वर्ग आणि अंतर्गत रचना या काळात अनेकदा बदललेली असते. महाराष्ट्राला जिव्हाळ्याची असलेली डेक्कन क्वीन हे याचे उत्तम उदाहरण असल्याने पुढील विवेचन प्रामुख्याने तिच्या आधारे केले आहे.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने, म्हणजे जीआयपीने, १ जून १९३० रोजी ही गाडी मुंबई आणि पुणे यांच्या दरम्यान सुरू केली. तिचे दोन रेक, म्हणजे एकत्र जोडलेल्या डब्यांचे पूर्ण संच, होते आणि प्रत्येकात सात डबे होते. एक रेक रुपेरी असून त्यावर लालभडक पट्ट्या होत्या, तर दुसरा गडद निळा असून त्यावर सोनेरी रेघा होत्या. डब्यांच्या खालच्या चौकटी इंग्लंडमध्ये तयार झाल्या आणि वरचे सांगाडे माटुंग्याच्या कार्यशाळेत बांधले गेले. १९५५ मध्ये या गाडीला तिसरा वर्ग जोडला गेला. १९६६ मध्ये पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीचे, म्हणजे आयसीएफचे, पोलादी डबे आले आणि डब्यांची संख्या बारा झाली. १९७४ मध्ये तिसऱ्या वर्गाचे नाव जाऊन तो दुसरा वर्ग झाला, आणि जून २०२२ मध्ये एलएचबी, म्हणजे लिंक-हॉफमन-बुश या जर्मन कंपनीच्या आराखड्याचे, डबे आले. त्यामुळे ‘मला डेक्कन क्वीन हवी आहे’ एवढे म्हणून भागत नाही. १९३५ ची हवी, १९७० ची हवी की २०२३ ची, हे ठरले की खरेदीचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. नव्या संग्राहकाने आयसीएफच्या काळापासून सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण त्या डब्यांची मोजमापे निश्चित आहेत, छायाचित्रे मुबलक आहेत आणि तुलनेसाठी प्रत्यक्ष डबेही पाहायला मिळतात.

यानंतर प्रमाण ठरवावे. भारतात एचओ, म्हणजे १:८७, हे प्रमाण सर्वाधिक सोयीचे आहे. आयसीएफ डब्याचा सांगाडा २१,३३७ मिलिमीटर लांब आणि ३,२४५ मिलिमीटर रुंद असतो. एचओ प्रमाणात ही लांबी सुमारे २४५ मिलिमीटर आणि रुंदी ३७.३ मिलिमीटर भरली पाहिजे. एलएचबी डबा २३,५४० मिलिमीटर लांब असल्यामुळे त्याची प्रतिकृती साधारण २७० मिलिमीटरची होते. पूर्ण रेक मांडायचा असेल, तर बफरसह, म्हणजे डब्याच्या टोकांना असलेल्या धक्का झेलणाऱ्या दांड्यांसह, लांबी धरावी: आयसीएफ डब्याची ती लांबी २२,२९७ मिलिमीटर आहे, म्हणजे प्रतिकृतीत सुमारे २५६ मिलिमीटर. अशा बारा डब्यांना इंजिन सोडून तीन मीटरांहून थोडी अधिक जागा लागते. जागा नसेल तर घाईने डबे कमी करून गाडी तोकडी करण्यापेक्षा १:१६० हे एन प्रमाण घ्यावे, अथवा रेकमधील प्रत्येक प्रकारचा एकेकच डबा जमवून संग्रहाचा उद्देश तसा स्पष्ट लिहून ठेवावा.

रुळांच्या रुंदीचा, म्हणजे दोन रुळांमधील अंतराचा, प्रश्न मात्र नीट समजून घेतला पाहिजे. बाजारात मिळणारे एचओ रूळ १६.५ मिलिमीटर रुंद असतात आणि ते युरोप-अमेरिकेतील १,४३५ मिलिमीटरच्या मार्गासाठी योग्य आहेत. आपला ब्रॉडगेज मार्ग १,६७६ मिलिमीटरचा असल्यामुळे त्याची १:८७ प्रमाणातील रुंदी जवळजवळ १९.३ मिलिमीटर होते. काही निष्ठावान मॉडेलकार स्वतः रूळ घालून हा फरक भरून काढतात. काचेच्या कपाटात ठेवण्याच्या संग्रहासाठी हा मार्ग उत्तम आहे, कारण चाकांमधील अंतर योग्य असेल तरच समोरून पाहताना डबा आपल्या रेल्वेचा वाटतो. गाडी नियमित चालवायची असेल तर १६.५ मिलिमीटरची तडजोड स्वीकारण्यात कमीपणा नाही. परंतु ती तडजोड फक्त चाकांपुरती असावी, डब्याच्या सांगाड्यात ती शिरू देऊ नये.

हे सांगण्याचे कारण असे की ‘भारतीय डबा’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही प्रतिकृती मुळात रंग बदललेले युरोपीय डबे असतात. छायाचित्रात ते चटकन ओळखू येत नाहीत, पण मोजपट्टीपुढे त्यांचा टिकाव लागत नाही. युरोपातील सर्वसाधारण लांब डबा २,८२५ मिलिमीटर रुंद आणि २६.४ मीटर लांब असतो. एचओमध्ये तो सुमारे ३२.५ मिलिमीटर रुंद आणि ३०३ मिलिमीटर लांब भरतो. आपला डबा त्याहून जवळपास पाच मिलिमीटर रुंद आणि बराच आखूड असतो. म्हणून व्हर्नियर कॅलिपर, म्हणजे बारीक मापे घेण्याची सरकती मोजपट्टी, हे संग्राहकाचे पहिले साधन आहे. दूरच्या विक्रेत्याकडून मागवत असल्यास पैसे देण्यापूर्वी सांगाड्याची लांबी, रुंदी आणि दोन बोगींच्या (बोगी म्हणजे येथे डबा नव्हे, तर डब्याखालची चाकांची चौकट) मध्यबिंदूंतील अंतर ही तीन मापे लेखी मागावीत. आयसीएफ डब्यासाठी हे तिसरे माप १७० मिलिमीटरच्या आसपास यायला हवे.

डबा उलटा करून पाहिल्याशिवाय त्याची पारख पूर्ण होत नाही. आयसीएफ बोगीच्या दोन आसांमध्ये २,८९६ मिलिमीटर अंतर असते, तर एलएचबीच्या फियाट बोगीत २,५६० मिलिमीटर. प्रतिकृतीत हा फरक जवळजवळ चार मिलिमीटरचा असून डोळ्यांनाही जाणवतो. आयसीएफच्या चाकांना ब्रेकचे ठोकळे बाहेरून दाबतात, तर एलएचबीला डिस्क ब्रेक असतात. जुन्या डब्यांना व्हॅक्यूम ब्रेक होते आणि त्यांच्या टोकाला एक जाड नळी लोंबत असे. एअर ब्रेकच्या डब्याला दोन बारीक नळ्या असतात. जैव शौचालयांच्या टाक्या डब्यांखाली दिसू लागल्या त्या २०११ नंतर. त्यामुळे १९७५ च्या म्हणून घेतलेल्या डब्याखाली अशी टाकी असेल, तर वरचा रंग कितीही सुरेख असला तरी तो डबा त्या वर्षाचा नव्हे.

डब्यावरील क्रमांकाकडे विशेष लक्ष द्यावे, कारण तेथे चूक सर्वाधिक होते आणि ती दुरुस्त करणेही सर्वांत सोपे असते. अलीकडच्या काही दशकांतील पाच आकडी क्रमांकात पहिले दोन आकडे डबा कोणत्या वर्षी बांधला ते सांगतात, तर शेवटचे तीन आकडे त्याचा प्रकार सांगतात. १५१ ते २०० वातानुकूलित चेअर कार, २०१ ते ४०० शयनयान, ४०१ ते ६०० सर्वसाधारण आणि ६०१ ते ७०० दुसऱ्या वर्गाची आसनव्यवस्था, अशी विभागणी आहे. म्हणजे १९९८ ची गाडी दाखवताना ०४ ने सुरू होणारा क्रमांक चालणार नाही, आणि चेअर कारवर २५५ हा शेवट चालणार नाही. क्रमांकाजवळ रेल्वेच्या विभागाचे नाव असते; मध्य रेल्वे ५ नोव्हेंबर १९५१ रोजी अस्तित्वात आली, म्हणून त्याआधीच्या डब्यावर जीआयपीचीच अक्षरे हवीत.

रंगाच्या बाबतीत केवळ जुन्या कृष्णधवल छायाचित्रांवर विसंबू नये. त्या काळी वापरात असलेल्या काही फिल्मना लाल रंग जवळजवळ दिसत नसे, त्यामुळे लाल भाग काळा आणि निळा भाग अपेक्षेपेक्षा फिकट उमटे. १९३० च्या दोन रेकबाबत लिखित वर्णन हाच मुख्य आधार मानावा आणि छायाचित्रांवरून पट्ट्यांची जागा आणि जाडी ठरवावी. नंतरच्या काळासाठी तारीख निश्चित असलेली रंगीत छायाचित्रे जमवावीत. सर्वसाधारण आयसीएफ डब्यांचा गडद तांबूस रंग जाऊन निळा रंग आला तो १९९० च्या दशकात, आणि हा बदल एका दिवसात झाला नाही. त्या वर्षांतील एखाद्या रेकमध्ये दोन्ही रंगांचे डबे दिसले तर ती चूक समजू नये. डेक्कन क्वीनचे रंग मात्र सर्वसाधारण गाड्यांपेक्षा वेगळे असत, म्हणून तिच्यासाठी तिचीच छायाचित्रे शोधावीत.

डबे मिळवताना संयम लागतो. भारतीय डब्यांचे उत्पादन लहान कार्यशाळांत, थोड्या संख्येने होते, आणि एकदा संपलेला प्रकार पुन्हा येईलच असे नाही. म्हणून भोजनयान किंवा गार्डचा डबा यांसारखे दुर्मीळ प्रकार आधी घ्यावेत. चेअर कार नंतरही मिळतात. १९३० चा रेक हवा असेल, तर तो बहुधा पितळी पत्रा, प्लॅस्टिक किंवा त्रिमितीय छपाईतून स्वतः घडवावा लागेल. पुण्यातील जोशी लघुरेल्वे संग्रहालय आणि दिल्लीचे राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय यांना भेट दिली, तर अनुक्रमे लहान प्रमाणातील कारागिरी आणि खऱ्या डब्यांचे तपशील जवळून अभ्यासता येतात.

चालवण्याच्या गाडीसाठी वळणाची त्रिज्या डब्याच्या लांबीच्या किमान तिप्पट ठेवावी. आयसीएफसाठी म्हणजे सुमारे ७४० मिलिमीटर. साठवणुकीत कोकणातील आणि मुंबईतील दमट हवा हा मोठा शत्रू आहे. पेटीत सिलिका जेल ठेवून ते वेळोवेळी बदलावे. जुना मऊ फोम काही वर्षांनी चिकट होऊन रंगाला धरतो, म्हणून डबा आधी आम्लमुक्त पातळ कागदात गुंडाळावा. छपाई केलेले रेझिनचे डबे उन्हात किंवा उष्ण कपाटात वाकतात. प्रत्येक डब्यासोबत एक कार्ड ठेवावे आणि त्यावर निवडलेले वर्ष, क्रमांकाचा आधार असलेले छायाचित्र, घेतलेली मापे आणि आपण स्वतः केलेले बदल नोंदवावेत. नवा पुरावा हाती आला की जुनी नोंद खोडून न टाकता त्याखालीच तारखेसह नवी नोंद करावी.