जुन्या ट्रकच्या डिझेल टाकीतील फ्लोट : पारख, निवड आणि बदल

गोव्यात पावसाळ्याचे चार महिने खनिजाची वाहतूक थांबते आणि उसगाव, सावर्डे, डिचोली या भागांतले जुने टिपर घराशेजारी किंवा गॅरेजच्या आवारात उभे राहतात. अर्ध्या टाकीवर उभ्या केलेल्या गाडीत दमट हवा शिरते, गार पत्र्यावर तिचे पाणी होते आणि ते डिझेलखाली तळाशी साचते. चवथीनंतर गाडी चालू केली की डिझेलचा काटा एकतर तळाशी पडून असतो, नाहीतर भरलेल्या टाकीच्या खुणेपलीकडे जाऊन अडकतो. बहुतेक मालक अशा वेळी सरळ नवा फ्लोट आणतात. माझा आग्रह असा की, दोष खरोखर फ्लोटचाच आहे का आणि समोरचा काटा किती ओहमसाठी (ओहम म्हणजे विद्युत रोधाचे माप) बनवलेला आहे, या दोन गोष्टी ठरल्याशिवाय पैसे खर्च करू नयेत.

ज्याला आपण सरसकट फ्लोट म्हणतो, त्या युनिटात डिझेलवर तरंगणारा डबा, त्याला धरणारी दांडी आणि दांडीबरोबर रोधाच्या तारेवर सरकणारी एक पातळ पत्री असते. पातळी बदलली की रोध बदलतो आणि त्याप्रमाणे डॅशबोर्डवरचा काटा हलतो. युनिट आणि काटा ही जोडी आहे. युरोपीय पद्धतीत रिकाम्या टाकीला सुमारे १० ओहम आणि भरलेल्या टाकीला सुमारे १८० ओहम असतात. अमेरिकी पद्धतीत याच्या उलट, रिकाम्याला २४० आणि भरलेल्याला ३३. एका पद्धतीचा काटा आणि दुसऱ्या पद्धतीचा फ्लोट एकत्र आले, तर भरलेली टाकी रिकामी दिसते किंवा काटा मध्येच घुटमळतो. दोन्ही वस्तू नव्या असतात, म्हणून संशय कोणावरच जात नाही.

आपल्या काट्याची जात ओळखण्यासाठी टाकीवरची वायर सोडवून चावी फिरवावी. १०–१८० जातीचा काटा वायर मोकळी असताना भरलेल्या खुणेपलीकडे जातो आणि तीच वायर चेसीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, टेकवली की रिकाम्यावर येतो. २४०–३३ जातीत हे नेमके उलटे घडते. वायर क्षणभरच टेकवावी, कारण जुन्या प्रकारचे काही काटे जास्त वेळ पूर्ण विद्युतप्रवाह सोसत नाहीत. ठिणगी टाकीच्या तोंडाजवळ पडू नये, म्हणून ही चाचणी झाकण बंद ठेवून, वायर टाकीपासून लांब नेऊन करावी.

यानंतर अर्थिंग, म्हणजे टाकीपासून चेसीपर्यंतची विजेची जोडणी, तपासावे, आणि या टप्प्यावर घाई करू नये. समुद्राकडच्या खाऱ्या हवेत टाकी आणि चेसी यांच्यामधला सांधा आतून गंजतो, वरून मात्र रंग शाबूत दिसतो. काही वर्षांपूर्वी मी एका टिपरचा फ्लोट बदलला, अर्थिंगकडे पाहिले नाही, आणि तीच गाडी अनमोड घाटात डिझेल संपून उभी राहिली. काटा तेव्हाही पाव टाकीच्या खाली उतरलेला नव्हता. कारण साधे होते. १० ते १८० या पद्धतीत पूर्ण टाकीसाठी १७० ओहमचा पल्ला असतो. गंजलेल्या सांध्याने १७ ओहम वाढवले की काटा टाकीचा दहावा भाग जास्त दाखवतो, म्हणजे १६० लिटरच्या टाकीत १६ लिटर नसलेले डिझेल दिसते. त्या सांध्याने याहूनही अधिक खाल्ले होते. शिवाय डिझेल इंजिनात टाकी कोरडी पडली की पाइपात हवा शिरते, आणि ती हातपंपाने काढल्याशिवाय गाडी हलत नाही. म्हणून युनिटच्या पत्र्यापासून चेसीच्या स्वच्छ घासलेल्या जागेपर्यंत वेगळी अर्थ-वायर टाकावी. खर्च नगण्य आणि फायदा मोठा.

आता युनिट बाहेर काढावे. त्याआधी बॅटरीचे ऋण टोक सोडवावे, टाकीभोवतीची माती ब्रशने झाडावी आणि गंजलेल्या स्क्रूंवर आदल्या संध्याकाळी गंज सोडवणारे तेल सोडून ठेवावे. वाफांनी भरलेली टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते, त्यामुळे ग्राइंडर, गॅस कटर आणि बिडी यांना तिथे जागा नाही. दांडी कोणत्या दिशेला वळली आहे, याचा फोटो घेऊन ठेवावा.

मल्टीमीटर युनिटच्या टर्मिनलला व पत्र्याला लावून दांडी अगदी हळू वर उचलावी. आकडा सलग वाढावा किंवा सलग घटावा. मध्येच उडी मारली, तर तार त्या ठिकाणी झिजलेली आहे. डबा कानाजवळ हलवावा. आत डिझेल डुचमळल्याचा आवाज आला, तर तो फुटका आहे.

नवे युनिट घेताना आधी ओहम, मग टाकीची खोली, मग भोकांची मांडणी पाहावी. सार्वत्रिक, म्हणजे वेगवेगळ्या टाक्यांत बसणारे, युनिट बसवायचे असेल, तर दांडीचा सांधा टाकीच्या साधारण निम्म्या खोलीवर यावा आणि डबा तळ व माथा या दोन्ही टोकांना जवळपास पोहोचावा, पण कुठेही घासू नये. अनेक युनिटांवरची पाच भोके मुद्दाम असमान अंतरावर असतात, म्हणून ते एकाच स्थितीत बसते. भोक जुळत नाही म्हणून ड्रिल मारू नये. इशारा-दिव्याची वेगळी वायर असेल, तर तिचे टर्मिनल नव्या युनिटावर आहे का, हेही दुकानातच पाहावे.

बसवताना गॅस्केट नवे, डिझेल सोसणाऱ्या नायट्राइल रबराचे वापरावे. साधे सिलिकॉन डिझेलमध्ये फुगून सुटते. स्क्रू समोरासमोर, थोडे थोडे आवळावेत.

शेवटी रिकाम्या टाकीत दर वेळी २० लिटर भरत काटा कुठे थांबतो, ते कागदावर लिहावे आणि तो कागद डॅशबोर्डवर चिकटवावा, कारण टाकीच्या आकारामुळे काट्याची अर्धी खूण नेहमीच अर्धी टाकी नसते. आठवड्याने स्क्रूंभोवती ओल आली आहे का, ते बोटाने पाहावे, आणि पुढच्या पावसाळ्यात गाडी उभी करताना टाकी काठोकाठ भरूनच उभी करावी.