घरी बीपी मोजताय? हात टेबलावर ठेवा

आमच्या आळीत घरोघरी बीपीचं मशीन आलंय, पण मोजायची तऱ्हा बघून माझ्यातली जुनी नर्स गप्प बसत नाही. काका जिना चढून येतात, धापा टाकतच पट्टा गुंडाळतात, वर काकूंशी हुज्जत चालूच. आकडा चढणारच की!

आधी लघवीला जाऊन या. अर्धा तास आधीपासून चहा-तंबाखू बंद. पाठ टेकून, पावलं जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसा, मोबाइलही नको. पट्टा उघड्या दंडावर, बाहीवर नाही.

हात टेबलावर, छातीच्या उंचीला टेकलेला हवा. टेबल बुटकं असेल तर खाली उशी घ्या. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी २०२४ मध्ये १३३ जणांवरचा अभ्यास छापला: हात मांडीवर ठेवला तर वरचा आकडा सुमारे ४ ने, लोंबता सोडला तर साडेसहाने जास्त. एवढ्या फरकाने एखाद्याला उगाच बीपीची गोळी सुरू व्हायची!

सकाळी गोळीआधी आणि संध्याकाळी, मिनिटभराच्या अंतराने दोनदा, असं आठवडाभर मोजा. सगळे आकडे वहीत लिहा, सोयीचे तेवढेच नकोत. सरासरी १३५/८५ किंवा त्यावर असेल तर वही डॉक्टरांना दाखवा. १८०/१२० च्या वर गेलं आणि छातीत दुखतंय किंवा जीभ अडखळतेय, तर वही राहू दे, तडक हॉस्पिटल गाठा.