राजाची संमती झाली, पण कायदा लागू झाला का? ब्रिटनमध्ये हे कसं तपासायचं

नोव्हेंबर २०२५ च्या सुरुवातीला भाच्याचा फोन आला. "मावशी, एजंटने घर सोडायची नोटीस पाठवलीय. पण ती चालणार नाही, कायदा झालाय ना आता!" कारण न देता भाडेकरूला काढणं इंग्लंडमध्ये बंद झालं, अशी बातमी त्याला व्हॉट्सॲपवर आली होती. बातमी खोटी नव्हती. रेंटर्स राइट्स ॲक्ट या भाडेकरूंच्या हक्कांच्या कायद्याला २७ ऑक्टोबर २०२५ रोजी राजाची संमती, म्हणजे बिलाचा कायदा होण्याची शेवटची पायरी, मिळाली होती. पण नोटिशीबद्दलचा भाग तेव्हा लागू झालाच नव्हता. पोराने एजंटला "तुमची नोटीस रद्द आहे" असं ठणकावून लिहिलं आणि तीन आठवडे दुसरं घर बघितलंच नाही.

मी लंडनजवळच्या स्लाऊला एका सॉलिसिटरच्या ऑफिसात फायली लावायचं काम करते. मी वकील नाही. पण ही गल्लत इतक्यांदा पाहिलीय की ती कशी टाळायची ते नीट सांगावंसं वाटतं. लागतो तो फक्त फोन आणि अर्धा तास.

आधी बघा, ते बिल (अजून संसदेत असलेला मसुदा) आहे की ॲक्ट (संमती मिळालेला कायदा). 'बिल्स डॉट पार्लमेंट डॉट यूके' वर नाव टाकलं की बिल कुठल्या टप्प्यावर आहे ते दिसतं. पहिल्या वाचनात फक्त नाव पुकारतात, चर्चा होत नाही. दुसऱ्या वाचनात मूळ तत्त्वावर चर्चा होते, मग समितीत कलमवार छाननी, रिपोर्ट स्टेज (दुरुस्त्यांवर सभागृहात चर्चा), तिसरं वाचन, आणि हे सगळं पुन्हा दुसऱ्या सभागृहात. "सेकंड रीडिंग मंजूर" एवढ्यावर पेढे वाटू नका. भाडेकरूंसाठीचं आधीचं रेंटर्स रिफॉर्म बिल मे २०२३ मध्ये आलं, कॉमन्स या खालच्या सभागृहात मंजूर होऊन लॉर्ड्स या वरच्या सभागृहापर्यंत पोचलं, आणि मे २०२४ मध्ये निवडणुकीसाठी संसद विसर्जित झाली तेव्हा तिथेच संपलं.

ॲक्ट झाला असेल तर 'लेजिस्लेशन डॉट जीओव्ही डॉट यूके' उघडा. नाव आणि वर्ष टाका आणि अनुक्रमणिकेच्या थेट शेवटाकडे जा. तिथे 'कमेन्समेंट' (कायदा कधीपासून लागू) नावाचं कलम शोधा. सगळे लोक सुरुवातीपासून वाचायला बसतात आणि दमून सोडून देतात. तुमचं काम मात्र बहुतेक वेळा या एका कलमात होतं. त्यात कुठला भाग संमतीच्या दिवशीच लागू, कुठला दोन महिन्यांनी आणि कुठला "मंत्री नियम काढून ठरवतील त्या दिवशी" ते लिहिलेलं असतं. ही शेवटची भाषा आपल्या ओळखीची आहे: भारतातही राजपत्रात अधिसूचना निघेपर्यंत कितीतरी कायदे थांबून राहतात. कमेन्समेंटचं कलमच नसेल, तर १९७८ च्या इंटरप्रिटेशन ॲक्टप्रमाणे संमतीच्या दिवसापासून कायदा लागू.

लागू करण्याचा आदेशच निघाला नाही तर? १९२८ चा ईस्टर ॲक्ट बघा. ईस्टरचा रविवार एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारनंतरचा असावा, असं संसदेने मंजूर केलं. तो कायदा आजही पुस्तकात आहे आणि एकदाही लागू झालेला नाही.

एकाच ॲक्टच्या तारखा वेगवेगळ्या असू शकतात, हेही लक्षात घ्या. रेंटर्स राइट्स ॲक्टमधले कौन्सिलचे (स्थानिक पालिकेचे) तपासणीचे नवे अधिकार २७ डिसेंबर २०२५ ला सुरू झाले. कारण न देता काढण्याची सोय ज्यात होती ते १९८८ च्या हाउसिंग ॲक्टचं कलम २१ बंद करायला सरकारने १ मे २०२६ ही तारीख धरली. त्याआधी दिलेल्या नोटिशीला जुनाच कायदा. म्हणून तारीख सापडली तरी थांबू नका. 'ट्रान्झिशनल' किंवा 'सेव्हिंग' शब्द असलेली कलमंही वाचा. आधीपासून चालू असलेल्या प्रकरणांचं काय, ते तिथे असतं.

साइटवर कायद्याच्या दोन प्रती असतात, मूळ मंजूर झालेली आणि सुधारित. रोजच्या कामाला सुधारित घ्या, आणि वर 'आउटस्टँडिंग चेंजेस'ची (मजकुरात अजून न घातलेल्या बदलांची) सूचना असेल तर तीही उघडा. कलमावर 'प्रॉस्पेक्टिव्ह' असं दिसलं, तर ते अजून लागू नाही.

'एक्स्टेंट'चं, म्हणजे कायदा कुठल्या भागात लागू ते सांगणारं, कलमही शेवटीच असतं. कायदा ब्रिटनभर असेल असं धरू नका. स्कॉटलंडचा भाडेकायदा वेगळा आहे. वेल्सने घरभाड्याचा स्वतःचा कायदा २०१६ मध्ये केला आणि तो १ डिसेंबर २०२२ ला लागू झाला. वेल्सच्या कार्डिफमधल्या मैत्रिणीला स्लाऊचा सल्ला देऊ नका.

भाच्याचं पुढे काय झालं? रविवारी तो कागदांची पिशवी घेऊन घरी आला. मी त्याला म्हटलं, नवा कायदा ठेव बाजूला, आज जो लागू आहे तो वाचू. जुन्या नियमांत डिपॉझिट मिळाल्यापासून ३० दिवसांत ते मान्यताप्राप्त योजनेत ठेवावं लागत होतं. मुदत चुकली आणि डिपॉझिट परत केलं नाही, तर साधारणपणे कलम २१ ची नोटीस देता येत नव्हती. मी बँकेचं स्टेटमेंट आणि योजनेचं सर्टिफिकेट डायनिंग टेबलावर शेजारी शेजारी ठेवलं आणि कॅलेंडरवर बोट ठेवून दिवस मोजले. एकेचाळीस! पोरगं माझ्याकडे बघतच राहिलं.

दुसऱ्या दिवशी त्याने दोन्ही कागदांच्या प्रती घेऊन सिटिझन्स ॲडव्हाइस ही मोफत सल्ला देणारी संस्था गाठली, तिथून एजंटला पत्र गेलं आणि आठवड्याभरात नोटीस मागे घेतली गेली.

तुमच्या हातात अशी नोटीस असेल तर घाबरून त्या तारखेला घर रिकामं करू नका. नोटीस संपली म्हणजे लगेच बाहेर काढता येत नाही, त्यासाठी घरमालकाला कोर्टाचा आदेश लागतो. कमेन्समेंटच्या कलमाची प्रिंट काढा, वर ती काढल्याची तारीख लिहा आणि सल्ल्याला जाताना डिपॉझिटच्या कागदांबरोबर न्या.