इन्फ्रारेड फोटो कृष्णधवल करताना या चुका टाळा

पावसाळा सरून सह्याद्रीवर लख्ख ऊन पडलं की इन्फ्रारेडवाल्यांचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात फोटो काढणाऱ्यांचा, मोसम सुरू होतो. डोळ्यांपुढे चित्र तयार असतं: काळंभोर आकाश, बर्फासारखी पांढरी झाडी, मध्ये कातळकडा. घरी येऊन फाइल उघडावी तर समोर नुसता लालभडक चौकोन. मग हात सरळ रंग काढून टाकायच्या बटणाकडे जातो.

मीही वर्षभर हेच केलं. काळंपांढरंच करायचंय, तर व्हाइट बॅलन्सची, म्हणजे रंगांचा तोल साधायची, उठाठेव कशाला, असा माझा हिशेब. चित्रं निघायची ती राखाडी चिखल. ७२० नॅनोमीटरच्या फिल्टरमधून (तो साधारण या तरंगलांबीच्या पुढचाच प्रकाश सोडतो) येणारा बहुतेक प्रकाश लाल चॅनलमध्ये, म्हणजे फोटोच्या लाल-हिरव्या-निळ्या थरांपैकी लाल थरात, जमा होतो. निळ्याच्या वाट्याला फार थोडा येतो, म्हणून तिथे नॉइज (दाणेदारपणा) जास्त. रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये) हिरव्या गवतावर व्हाइट बॅलन्स घेतला की आकाश तांबूस-तपकिरी होतं आणि झाडी जवळजवळ पांढरी, किंचित निळसर. रंगातला हा एवढासा फरक हेच पुढचं सगळं भांडवल. तोच आधी पुसून टाकला, तर कृष्णधवल मिक्सरच्या, म्हणजे एकेका रंगाचा उजेड कमी-जास्त करणाऱ्या, पट्ट्यांनी हलवायचं काय?

लाइटरूम हे फोटो-संपादनाचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर इथे एक अडचण येते. व्हाइट बॅलन्सच्या तापमानाची पट्टी २००० केल्व्हिनच्या खाली जात नाही आणि चित्र लालच राहतं. अशा वेळी आपल्या कॅमेऱ्यासाठी वेगळं प्रोफाइल (रंग कसे वाचायचे हे सॉफ्टवेअरला सांगणारी फाइल) बनवून घ्यावं. काम एकदाच करायचं असतं. जेपेगवर मात्र हे जमवायला जाऊ नका, आकाशात पट्टे दिसायला लागतात.

आता आकाश. मिक्सरमधली नारिंगी पट्टी खाली ओढली की ते गडद होतं, आणि हा मोह आवरत नाही. फार ओढलं की आकाशात दाणे उठतात आणि डोंगराच्या कडेला पांढरी रेघ उमटते. मी थोडं ओढून थांबतो, उरलेला काळेपणा ग्रेडियंट मास्कने, म्हणजे हळूहळू विरत जाणाऱ्या निवडीने, देतो. लाल-निळ्या चॅनलची अदलाबदल रंगीत इन्फ्रारेडसाठी असते. इथे तिचा उपयोग नाही. केलीत तर आकाश निळ्या पट्टीवर जाईल, इतकंच. ८५० नॅनोमीटरचा फिल्टर असेल तर तिन्ही चॅनल जवळपास सारखेच भरतात आणि या पट्ट्या ओढून काही हलत नाही. तिथे सरळ कर्व्हवर (उजेड-अंधार ठरवणाऱ्या वक्ररेषेवर) काम करा.

पानं पांढरी हवीत, कोरी नकोत. पानांच्या या उजळपणाला वुड इफेक्ट म्हणतात. लाकडाशी त्याचा संबंध नाही. १९१० मध्ये असे फोटो प्रसिद्ध करणाऱ्या रॉबर्ट वुड यांचं ते नाव. कॅमेऱ्याचा एकत्रित हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) निर्धास्त दिसत असताना लाल चॅनल कधीच काठाबाहेर गेलेला असतो. म्हणून तो वेगळा पाहा. एकदा उडालेली पानं कागदाच्या कातरणासारखी दिसतात आणि नंतर परत येत नाहीत.

चित्राच्या मधोमध फिकट गोल डाग दिसतो? तो लेन्सचा दोष. एफ/११, एफ/१६ असं छिद्र बारीक कराल तसा तो ठळक होतो, म्हणून एफ/८ च्या आसपास राहा. आलाच, तर कॉन्ट्रास्ट वाढवण्याआधी गोल मास्कने दाबा. चित्र मऊ आलं असेल तर शार्पनिंगची पट्टी ताणत बसू नका. इन्फ्रारेडचा फोकस थोडा वेगळ्या जागी पडतो. लाइव्ह व्ह्यूमध्ये (कॅमेऱ्याच्या पडद्यावर) मोठं करून फोकस केला असता तर ही वेळ आली नसती.

राहता राहिली ती चमक. कोडॅकची एचआयई ही इन्फ्रारेड फिल्म २००७ मध्ये बंद झाली. तिच्यात प्रकाशाचं उलट परावर्तन अडवणारा थर नव्हता, त्यामुळे उजळ भागांभोवती धूसर वलय पसरायचं. त्याची नक्कल करायला लोक ग्लो (धूसर चमक) अख्ख्या चित्रावर फासतात आणि काळा कातळसुद्धा लुकलुकायला लागतो. ब्लर केलेला थर स्क्रीन मोडमध्ये (खालचं चित्र उजळवणाऱ्या मिश्रणात) ठेवा, पण मास्क करून फक्त पानांपुरता आणि ढगांपुरता.