बाळ लाल पट्टीत आलं, आता पुढे काय?

कुपोषण म्हटलं की लोकांना मेळघाट आठवतो. फार तर पालघर. गोवंडी, मानखुर्द कुणाच्या डोळ्यांसमोर येत नाही. मी इथलीच. वस्तीत फिरणाऱ्या नव्या स्वयंसेविकांना काम शिकवते, आणि दर तुकडीला तेच तेच सांगून घसा बसतो, म्हणून एकदाचं लिहून टाकते. औषधांचे डोस यात सापडणार नाहीत, ते डॉक्टरांचं काम. आपलं काम म्हणजे बाळ हुडकणं, योग्य जागी पोचवणं आणि घरी दिलेला उपचार खरंच बाळाच्या पोटात जातोय ना, हे बघणं. पहिली दोन कामं सगळ्या पोरी पटकन शिकतात. तिसऱ्यात गाडी अडते.

आकडे एकदाच सांगते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या 25.6 टक्के मुलांचं वजन उंचीच्या मानाने कमी निघालं, आणि 10.9 टक्के मुलं त्यातल्या तीव्र गटात होती. म्हणजे दहा बाळं मापली की त्यात एखादं सापडणारच असं धरून चाला. गल्लीच्या गल्ली मापून एकही सापडलं नाही, तर आधी दंडाचा घेर मापायची आपली रंगीत पट्टी तपासा.

दंडाची पट्टी

सहा महिने ते पाच वर्षं या वयाच्याच बाळाला ही पट्टी लावायची. वय आईला तोंडी विचारू नका, लसीचं कार्ड मागा. "साल भर का होगा" यावर माप घेता येत नाही. सहा महिन्यांच्या आतलं बाळ अशक्त दिसलं, दूध ओढत नसलं, तर मापाच्या भानगडीत न पडता थेट डॉक्टरांकडे.

डावा हात घ्या. बाही वर सरकवून भागत नाही, दंडावर गोळा होते आणि माप चुकतं, कपडा काढाच. कोपर काटकोनात दुमडा, खांद्याचं हाडाचं टोक आणि कोपराचं टोक यांच्या बरोबर मध्ये पेनाने खूण करा. मग हात सरळ सैल सोडायचा. इथे घाई होते: बहुतेकजणी दुमडलेल्या हातावरच पट्टी गुंडाळतात. पट्टी कातडीला सगळीकडून टेकली पाहिजे, पण कातडी चिमटली जाता कामा नये. खिडकीतला आकडा मिलिमीटरपर्यंत वाचा आणि तिथल्या तिथे लिहा. बाळ रडून हात ताठ करत असेल तर आईच्या मांडीवर बसवून थांबा. तेवढ्यात पुढचं घर कुठे पळून जात नाही.

11.5 सेंटिमीटरच्या खाली लाल, म्हणजे तीव्र कुपोषित, आपल्या भाषेत सॅम. 11.5 पासून 12.5 च्या आतपर्यंत पिवळा, म्हणजे मध्यम, मॅम. त्यावर हिरवा. काही बाळं दंडावर हिरवी किंवा पिवळी दिसतात, पण उंचीच्या मानाने वजन घेतलं की तीव्र गटात निघतात. म्हणून अंगणवाडीत वजन-उंची करून घ्यायचीच, पट्टीवर विसंबायचं नाही.

पट्टीला न दिसणारी आणखी एक गोष्ट म्हणजे सूज. दोन्ही पावलांच्या वरच्या बाजूला अंगठा ठेवून सावकाश तीन मोजेपर्यंत दाबा. अंगठा उचलल्यावर दोन्हीकडे खड्डा राहिला तर दंडाचा आकडा काहीही असो, बाळ तीव्र कुपोषित आहे. अशा घरात आजी हमखास म्हणते, "आता कसं अंग धरलंय!" तिच्याशी वाद घालू नका. तिचाच अंगठा तिथे दाबायला लावा.

घरी की दवाखान्यात

पूर्वी तीव्र कुपोषित बाळ म्हणजे सरळ भरती. 2007 मध्ये जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि संयुक्त राष्ट्रांच्या अन्न-पोषणाच्या संस्थांनी मिळून सांगितलं की दुसरी गुंतागुंत नसलेल्या आणि भूक शाबूत असलेल्या बाळावर घरी राहूनच उपचार होतो. मुंबईच्या वस्तीत हे पटायला निवेदनाची गरज नाही. घरी आणखी दोन लेकरं, नवरा नाक्यावर कामाला उभा, आईचं स्वतःचं मणी ओवायचं नाहीतर जरीचं काम पीसवर. दोन-तीन आठवडे वॉर्डात कोण बसणार? भरती केलेली आई चौथ्या दिवशी सही करून निघते, आणि मग ती आपल्यालाही दार उघडत नाही.

पण काही बाळं घरी ठेवायचीच नाहीत. काही पीत नाही किंवा पाजलेलं सगळं उलटून टाकतं, झटका आलाय, मलूल पडलंय, उठवलं तरी नीट जागं होत नाही, ताप चढलाय किंवा अंग गार लागतंय, तळवे पांढरे फटक आहेत, श्वास घेताना छातीची खालची बाजू आत ओढली जाते. श्वास पूर्ण एक मिनिट मोजा: वर्षाच्या आत 50 किंवा जास्त, वर्षावर 40 किंवा जास्त म्हणजे जलद. जुलाबांनी सुकलेलं बाळ तर लगेच. इथे एक खास सांगते. तीव्र कुपोषित बाळाचं शरीर एकदम जास्त मीठ-पाणी पेलत नाही, म्हणून पाकिटावर छापल्याप्रमाणे लिटरभर ओआरएस करून घरीच पाजत बसायचं नाही. अंगावरचं दूध चालू ठेवायचं आणि निघायचं. सुजेचं बाळही आपण घरी ठेवायचा निर्णय घेत नाही. 108 ला फोन करा. गल्ली अरुंद असेल तर बाळ उचलून नाक्यावर या, गाडी तिथेच येणार.

उरलेल्या बाळांची भूक चाचणी. आरोग्य केंद्रात, शांत कोपऱ्यात, आईचे आणि बाळाचे हात धुऊन. शेंगदाणा, दूध पावडर, साखर, तेल आणि जीवनसत्त्वं-क्षार घातलेली ती उपचाराची पेस्ट आईनेच द्यायची, जबरदस्ती न करता. मध्ये मध्ये वाटीने पाणी. अर्ध्या तासापर्यंत वाट बघा. पुडी 92 ग्रॅमची असते. चार ते सात किलोच्या बाळाने त्यातली किमान पाव आणि सात ते दहा किलोच्या बाळाने किमान तिसरा हिस्सा खाल्ला तर भूक आहे. नाही खाल्लं तर भरती, मग बाळ खेळतं-हसतं दिसलं तरी. आपल्या भागात पोषण पुनर्वसन केंद्र कुठे आहे ते आधीच माहीत करून ठेवा. धारावीवाल्यांना विचारावं लागत नाही, त्यांना सायन रुग्णालयाचं धारावीतलं केंद्र, 'छोटा सायन', ठाऊक असतं.

पेस्ट घरी गेल्यावर

खरं काम इथून सुरू होतं. पेस्ट हे औषध आहे हे आईला कळलेलं असतं. घरातल्या बाकीच्यांना तो गोड खाऊ वाटतो. बाळाचा सहा वर्षांचा भाऊ त्यावर डोळा ठेवून असतो आणि आईला एकाला देऊन दुसऱ्याला नाही म्हणवत नाही. मी आयांना सांगते, मोठ्याला त्याच वेळी दुसरं काहीतरी द्या, चपातीला गूळ लावून द्या, पण पुडी वाटून खायची नाही. आणि हे त्या मोठ्या भावासमोर सांगते. "ये तेरे भाई की दवाई है, तू पहारा दे" म्हटलं की पोरगा खरोखर पहारा देतो.

द्यायची रीत अशी. पुडी फोडण्याआधी बाहेरूनच चांगली मळायची, कारण तेल वर येतं. अंगावर पिणाऱ्या बाळाला आधी दूध, मग पेस्ट. एकदम संपवायचा हट्ट नको. दिवसभरात थोडी थोडी, आठेक वेळा. पाण्यात किंवा दुधात कालवायची नाही, चाटवायची. सोबत प्यायला उकळून गार केलेलं पाणी, कारण ती दाट असते आणि तहान लागते. फोडलेल्या पुडीचं तोंड दुमडून डब्यात ठेवायची; आपल्याकडच्या मुंग्या आणि उंदीर कुणी सांगायला नकोत. एका पुडीत साधारण 500 किलोकॅलरी असतात आणि बाळाला दिवसाला किलोमागे 150 ते 200 लागतात, म्हणजे सहा किलोच्या बाळाला दोन ते अडीच पुड्या. नक्की आकडा केंद्रातून लिहून मिळतो. तो आईच्या कार्डावर आहे का, आणि तिला वाचता येत नसेल तर पुड्यांची चित्रं काढून दिलीत का, ते बघा.

डॉक्टरांनी अँटिबायोटिकचं सिरप दिलं असेल तर बाटली हातात घेऊन पातळी बघा. ताप नाही म्हणून तिसऱ्या दिवशी बंद करणारी घरं पुष्कळ.

आठवड्याच्या भेटीत "खातं का?" असा प्रश्न विचारायचा नाही. उत्तर ठरलेलं आहे: "खाता तो है, दीदी." त्याऐवजी कालचा दिवस विचारा. सकाळी उठल्यावर तोंडात पहिलं काय गेलं? मग? तुम्ही कामावर गेलात तेव्हा बाळ कुणाकडे होतं? दुपारी कुणी भरवलं, कशात, किती उरलं? असं विचारत गेलं की सगळं बाहेर येतं. सकाळी चहात बुडवलेला पाव, अकरा वाजता पाच रुपयांचा चटपटा पुडा, दुपारी आठ वर्षांच्या बहिणीने भरवलेले चार घास, मग झोप. पेस्ट संध्याकाळी आई आल्यावर, तोवर त्या चटपट्या पुड्याने भूक मेलेली. आता काय करायचं ते आईला व्याख्यान न देता ठरतं: पुडा बंद आणि पेस्ट बहिणीच्या हाती. त्या बहिणीलाच शिकवा. आमच्या वस्तीत निम्मी लेकरं बहिणींच्या कडेवर वाढतात, आणि आपल्या प्रशिक्षणात तिचं नावही नसतं. ती शाळेत जाते का, हेही त्याच भेटीत विचारा.

पेस्टच्या रिकाम्या पुड्या जपून ठेवायला सांगा आणि मोजा. वजन त्याच काट्यावर, त्याच कमी कपड्यांत. वजन घटलं, किंवा लागोपाठ दोन भेटींत हललंच नाही, तर पुढच्या आठवड्याची वाट न बघता डॉक्टर.

पिवळ्या पट्ट्यातलं बाळ

त्याला घरचंच, पण दाट. वरणाचं पाणी नको, वरण द्या. खिचडीवर चहाचा एक चमचा तेल म्हणजे साधारण 45 किलोकॅलरी, तेही घास न वाढवता. शेंगदाण्याचं कूट, चालत असेल त्या घरात अंडं, केळं. दूध वाटीने, बाटली नको. अंगणवाडीतून घरी मिळणारा आहार बाळाच्या वाट्याला येतोय का, की त्याची पोळी होऊन सगळ्यांच्या ताटात जातेय, हे याच बाळांबाबत जास्त बघावं लागतं.

बरं झालं म्हणजे कधी

दंड 12.5 किंवा वर, सूज नाही, आणि हे निदान दोन आठवडे टिकलेलं. वजन-उंचीवर दाखल झालेलं असेल तर त्याच मापावर सुटतं. नाव कमी केलं तरी पुढचे काही महिने दर महिन्याला पट्टी लावा. जून-जुलैत नळाला गढूळ पाणी आलं आणि जुलाब सुरू झाले की हिरवी बाळं परत पिवळी होतात.

आणि मे महिना. शाळेला सुट्टी लागली की घराला कुलूप, सगळे गावी, उपचार अर्धवट. एप्रिलमध्येच प्रत्येक घरी तारीख विचारून घ्या. तेवढ्या दिवसांची पेस्ट केंद्रातून मिळते का ते आधी विचारा, कार्डाचा फोटो आईच्या आणि बापाच्या, दोघांच्या मोबाईलवर पाठवा, आणि गावच्या अंगणवाडीत दाखवायला सांगा. आईचा नंबर गावी लागत नाही; शेजारणीकडून सासरच्या कुणाचा तरी नंबर घेऊन ठेवा.