मुठा नदीच्या खोऱ्याची सीमा संगणकावर कशी आखावी?

डोंगराच्या ज्या धारेवर पावसाचे पाणी दोन बाजूंना वाटले जाते, ती धार म्हणजे जलविभाजक, आणि नदीच्या खोऱ्याची सीमा तीच ठरवते. पुण्यातील मुळा-मुठा संगमापर्यंतचे मुठेचे खोरे क्यूजीआयएस व ग्रास या नकाशांच्या मोफत संगणक-आज्ञावलींनी आखता येते.

प्रथम उंचीची माहिती उतरवून घ्यावी. फेब्रुवारी 2000 मध्ये एंडेव्हर यानातून रडारने केलेल्या मोजणीची ही माहिती सुमारे 30 मीटरच्या चौकोनांत मिळते. 18 ते 19 उत्तर अक्षांश आणि 73 ते 74 पूर्व रेखांश या एकाच तुकड्यात मुठेचे सारे खोरे बसते. ही माहिती यूटीएमच्या, म्हणजे अंशांऐवजी मीटरमध्ये स्थान सांगणाऱ्या नकाशा-पद्धतीच्या, 43 उत्तर विभागात बदलून घ्यावी आणि बदलताना बायलिनियर पद्धत (शेजारच्या चार चौकोनांवरून नवी उंची काढणारी) निवडावी, नाहीतर उतारांवर पट्टे उमटतात.

आता ग्रासमधील ‘आर.वॉटरशेड’ हे साधन चालवावे. प्रत्येक चौकोनातील पाणी कोणत्या दिशेला जाते आणि त्यात वरच्या किती चौकोनांचे पाणी येते, हे त्यातून कळते. खळगे, म्हणजे चारी बाजूंनी उंच चौकोनांनी वेढलेले सखल चौकोन, आधी भरून घेण्याची गरज नसते. प्रवाहाचे आकडे मुठेवर उणे दिसले, तर नकाशा कडेला कापला गेला आहे असे समजून तो मोठा घ्यावा.

खरी काळजी मुखबिंदू, म्हणजे खोऱ्याचे सारे पाणी जिथून बाहेर पडते तो बिंदू, ठेवताना घ्यावी लागते. हा बिंदू उपग्रहचित्रातील नदीवर न ठेवता, संगणकाने काढलेल्या प्रवाहरेषेवर, संगमाच्या थोडा अलीकडे मुठेवर ठेवावा. तो एक चौकोन खाली सरकला, तरी मुळेचे संपूर्ण खोरे आत येते आणि त्याबरोबर मुळशीचा जलाशयही येतो, ज्याचे पाणी प्रत्यक्षात वीजनिर्मितीसाठी कोकणात भिरा येथे उतरवले जाते. उंचीच्या आकड्यांना उतार कळतो, माणसाने वळवलेले पाणी कळत नाही, हे हिशेब मांडणाऱ्याने कायम लक्षात ठेवावे.

बिंदूचे सहनिर्देशक ग्रासमधील ‘आर.वॉटर.आउटलेट’ या साधनाला देऊन मिळालेले क्षेत्र बहुभुजात (बंद सीमारेषेच्या आकृतीत) बदलावे आणि सीमा तपासावी. दक्षिणेला ती सिंहगडावरून आणि कात्रज घाटाच्या माथ्यावरून गेली पाहिजे, कारण त्यापलीकडचे पाणी शिवगंगेमार्गे नीरेला मिळते. तेथे चूक सहसा होत नाही. शहरात मात्र होते, कारण रडारने इमारतींची उंचीही टिपलेली असते आणि पावसाळी गटारे उताराला जुमानत नाहीत. तेवढा भाग पावसात स्वतः फिरून, पाणी कुठे वाहते ते पाहूनच दुरुस्त करावा.