कार्यशाळेत लाकडाची शेगडी बसवण्याआधी

शेगडी विकत घेण्याआधी एक फेरी मारा आणि कार्यशाळेत पेट घेईल असे काय काय आहे ते बघून घ्या. थिनर किंवा पेट्रोल याच खोलीत ठेवावे लागणार असेल, तर माझे स्पष्ट मत, शेगडी नकोच. त्यांची वाफ हवेपेक्षा जड असते. जमिनीलगत सरकत ती आगीपर्यंत पोहोचते. जवसाच्या तेलाची फडकी ठिणगीशिवायही पेटतात, ती झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाकून बाहेर ठेवा. स्थानिक बांधकाम परवानगी आणि विमा कंपनीचे लेखी उत्तरही आत्ताच मिळवा.

आता जागा. उत्पादकाच्या पुस्तिकेतली अंतरे शेवटची मानायची. प्रमाणित नसलेल्या जुन्या शेगडीला 'एनएफपीए २११' हे अमेरिकी मानक चहूबाजूंनी ३६ इंच, म्हणजे सुमारे ९१ सेंमी मोकळी जागा सांगते. हे अंतर अवाजवी वाटते खरे. पण रोज तापणारे लाकूड वर्षानुवर्षांत आतून कोळशासारखे होत जाते आणि मग पूर्वीपेक्षा कमी उष्णतेलाही पेटते. भिंतीला संरक्षक पत्रा लावायचा तर मागे इंचभर पोकळी ठेवा, पत्रा खाली-वर उघडा असू द्या, म्हणजे हवा खेळते. भिंतीलाच चिकटवलेली फरशी हे काम करत नाही. शेगडीखाली न जळणारा पाया हवाच, आणि दारासमोर तो निदान १८ इंच पुढे आलेला हवा.

धूरनळीसाठी जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा वापरू नका, तापल्यावर त्यातून विषारी धूर निघतो. नळीचे निमुळते टोक शेगडीकडे ठेवा, प्रत्येक जोडाला तीन स्क्रू मारा. छतातून जाताना साधी नळी चालत नाही. तिथे उष्णतारोधक दुहेरी भिंतीचे धुराडेच लागते. ते छतातून बाहेर पडते तिथून किमान ३ फूट उंच असावे, आणि १० फुटांच्या आतल्या कशाहीपेक्षा २ फूट वर.

भुसा ओढणारा पंखा बाहेर हवा फेकत असेल तर तो चालू करून धूर उलटा खोलीत येतो का ते तपासा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, अग्निशामक आणि राखेसाठी झाकणाची लोखंडी बादली पहिल्या जाळाआधी जागेवर असू द्या. लाकूड २० टक्क्यांहून कमी ओलाव्याचे घ्या. प्लायवूड, एमडीएफ, रंगवलेले तुकडे शेगडीत टाकू नका. पहिले दोन-तीन जाळ छोटे करा, दारे-खिडक्या उघड्या ठेवून. नवा रंग भाजला जाताना वास येतो. भुसा उडवणारे काम असेल त्या दिवशी शेगडी पेटवू नका.